हुगळीची भूल

मराठी भाषेत ‘भूल’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रोग्यास देतात तीही भूल, आणि जंगलातून चाललेल्या वाटसरूस पडते तीही रानभूल. मांत्रिक घालतो ती भूल, लबाड माणूस देतो त्या भूलथापा, आणि हिशेबाच्या वहीत राहून जाते ती भूलचूक. इंग्रजीतील ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या ग्रीक वळणाच्या शब्दाचा अर्थ संवेदनेचा अभाव एवढाच. आपण मराठी माणसांनी मात्र त्याच क्रियेसाठी मोहिनी, फसवणूक आणि चूक या तिन्ही अर्थांची सावली अंगावर असलेला शब्द उचलला. हे कोणी जाणूनबुजून केले असेल असे आम्हांस वाटत नाही. पण वैद्यकाच्या इतिहासात असे एक स्थळ व असा एक काळ होऊन गेला आहे, की जेथे हे सारे अर्थ एकाच खाटेभोवती गोळा झाले होते. ते स्थळ म्हणजे बंगालमधील हुगळी, आणि तो काळ म्हणजे इ. स. १८४५ चा.

हावड्याहून बँडेलच्या गाडीने निघाले म्हणजे हुगळी गाठावयास फार वेळ लागत नाही. बंगालात राहणारी आम्ही मराठी मंडळी देशाकडून आलेल्या पाहुण्यांस तेथला इमामबाडा दाखवावयास नेतो, मनोऱ्यावरचे घड्याळ पाहतो, गंगेच्या संथ पात्राकडे बघत घटकाभर बसतो आणि परततो. हाजी महंमद मोहसीन या दानशूर गृहस्थांनी १८०६ साली आपली सारी मालमत्ता धर्मादाय करून ठेविली. १८१२ साली ते निवर्तले. पुढे त्यांच्याच निधीतून येथे महाविद्यालय निघाले, रुग्णालय निघाले आणि आजचा भव्य इमामबाडाही उभा राहिला. शेजारच्या चुंचुड्यातील जिल्हा रुग्णालयाच्या नावात ‘इमामबाडा’ हा शब्द अद्याप टिकून आहे. त्या नावाच्या जुन्या रुग्णालयात जे घडले त्याची आठवण मात्र फारशी कोणास राहिलेली नाही.

जे घडले त्याचे मोल कळावयास त्या काळची शस्त्रक्रिया कशी होती हे आधी ध्यानात आणले पाहिजे. भूल देण्याचे खात्रीचे साधन तेव्हा जगात कोठेच नव्हते. अफू द्यावी, मद्य पाजावे, चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी रोग्यास दाबून धरावे आणि शस्त्रवैद्याने शक्य तितक्या झपाट्याने आपले काम उरकावे, अशी रीत होती. हात चपळ असणे हाच शस्त्रवैद्याचा मोठा गुण समजला जाई. बंगालच्या दमट प्रांतात हत्तीरोगाने गांजलेले लोक पुष्कळ. त्या रोगात अंडकोशाच्या गाठी वाढत वाढत मणामणाच्या होत. एका चाळीस वर्षांच्या दुकानदाराची हकीकत नमूद आहे. त्याची गाठ एवढी मोठी झाली होती, की त्यास हिंडणेफिरणे अशक्य झाले, आणि तो गेली अनेक वर्षे तिचाच मेजासारखा उपयोग करून तिच्यावर वही ठेवून लिहीत असे! पुढे ती कापून काढल्यावर तिचे वजन ऐंशी पौंड भरले. असली माणसे वर्षानुवर्षे ते ओझे वाहत. कारण रोगापेक्षा सुरीचे भय मोठे होते.

या रुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. जेम्स एस्डेल. स्कॉटलंडमधील मॉन्ट्रोझ गावी १८०८ साली त्यांचा जन्म झाला. एडिंबरो येथे वैद्यक शिकून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आले. इमामबाडा रुग्णालयाबरोबर हुगळीच्या तुरुंगातील रोगीही त्यांच्याकडेच असत. ४ एप्रिल १८४५ रोजी तुरुंगातील माधव कावरा नावाच्या कैद्यावर त्यांनी उपचार केले. हा डुकरांचा व्यापार करणारा माणूस. कोणास जबर जखमी केल्यावरून त्यास सात वर्षांची शिक्षा झालेली, आणि पायांत बेड्या घालून रस्त्यावर खडी फोडणे त्याच्या नशिबी आलेले. त्याच्या अंडकोशात दोन्ही बाजूंना पाणी साठले होते. एका बाजूचे पाणी काढून त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आत दाहक द्रव सोडताच तो वेदनेने तळमळू लागला. ते पाहून एस्डेलना एकाएकी आठवण झाली ती ‘मेस्मेरिझम’ची. हा प्रयोग त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याविषयी केवळ वाचले होते. त्यांनी कैद्याच्या चेहऱ्यावरून व अंगावरून वरून खाली हात फिरवावयास आरंभ केला. अर्ध्या तासाने त्यास जांभया येऊ लागल्या. आणखी काही वेळाने तो असा निजला, की टाचणी टोचली, गुडघ्यास विस्तव लावला, नाकाशी अमोनिया धरला, तरी त्यास शुद्ध नव्हती. एस्डेलनी जिल्ह्याच्या न्यायाधीशास व कलेक्टरास बोलावून आणून हा प्रकार त्यांस प्रत्यक्ष दाखविला.

आता या ‘मेस्मेरिझम’ शब्दाची जन्मकथा सांगणे प्राप्त आहे. फ्रांझ आंतोन मेस्मेर हे व्हिएन्नाचे वैद्य. ग्रहांचा मनुष्यदेहावर परिणाम होतो असा प्रबंध त्यांनी १७६६ साली लिहिला. पुढे त्यांनी असे मत मांडले, की सर्व विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे, शरीरातील त्याचा प्रवाह अडला म्हणजे रोग होतो, आणि जाणत्याने हाताच्या हालचालीने तो पुन्हा वाहता केला म्हणजे रोग जातो. लोहचुंबकाशी साम्य कल्पून या शक्तीस त्यांनी ‘प्राणिज चुंबकत्व’ असे भारदस्त नाव दिले. १७७८ साली ते पॅरिसला आले आणि तेथे त्यांची एकच धूम उडाली. ‘बाके’ नावाच्या एका मोठ्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत. त्यातून निघालेल्या लोखंडी कांबी ते आपल्या दुखऱ्या भागास लावीत आणि थोड्या वेळाने त्यांस आचके येऊ लागत. या आचक्यांस ‘क्रायसिस’ म्हणत, आणि रोग निघून जाण्याची ती खूण समजत. देवळात अंगात आलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस या दृश्यात नवे असे काही वाटणार नाही. नवी होती ती परिभाषा.

१७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी समिती नेमली. तीत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, ज्योतिर्विद बाय्यी होते, डॉ. गियोतँ होते, आणि त्या वेळी अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसजवळ राहत असलेले बेंजामिन फ्रँकलिनही होते. फ्रँकलिनच्याच बागेत त्यांनी एक प्रयोग केला. मेस्मेरच्या शिष्याने एका जर्दाळूच्या झाडास ‘चुंबकित’ करावयाचे, आणि मग त्या शिष्यानेच निवडलेल्या एका बारा वर्षांच्या मुलास डोळे बांधून बागेतील निरनिराळ्या झाडांपाशी न्यावयाचे, असा बेत होता. मुलगा पहिल्या झाडापाशी घामाघूम झाला आणि चौथ्या झाडापाशी तर मूर्च्छित पडला. पण चुंबकित झाड ते नव्हेच! ते तर दूरच राहिले होते. समितीने निर्णय दिला, की द्रव वगैरे काही नाही. जे काही घडते ते कल्पनाशक्तीने घडते.

हा निर्णय अचूक होता असेच आजही म्हटले पाहिजे. तथापि त्यात एक प्रश्न अनुत्तरित राहिला. कल्पनाशक्तीने एखादा मुलगा खरोखर मूर्च्छित पडत असेल, तर ती कल्पनाशक्ती म्हणजे तरी काय चीज आहे? त्या थोर समितीस या प्रश्नाशी कर्तव्य नव्हते. द्रव खोटा ठरला आणि प्रकरण संपले. लंडनमध्ये १८३८ साली असाच आणखी एक पडदा पडला. तेथील विख्यात वैद्य जॉन इलियटसन हे दोन बहिणींवर मेस्मेरिझमचे प्रयोग करून दाखवीत. निकेल धातूच्या स्पर्शाने त्यांस झटके येतात आणि शिशाच्या स्पर्शाने येत नाहीत, असा त्यांचा दावा होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राचे संपादक टॉमस वेकली यांनी धातूंची गुपचूप अदलाबदल करून तो दावा उघडा पाडला. इलियटसनना त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठातील पद सोडावे लागले. अशा रीतीने युरोपात दोनदा बदनाम होऊन हा शब्द हुगळीस पोहोचला होता.

एस्डेलनी मात्र त्याचा जो उपयोग केला तो त्यापूर्वी एवढ्या प्रमाणावर कोणीही केला नव्हता. माधव कावऱ्यानंतर आठ महिन्यांत त्यांनी सत्तराहून अधिक शस्त्रक्रिया वेदनेवाचून केल्याचे नमूद केले आणि १८४६ साली त्यांवर पुस्तकही प्रसिद्ध केले. स्वतः हात फिरवून ते लवकरच थकले. म्हणून त्यांनी रुग्णालयातील हिंदू व मुसलमान तरुण सहायकांस ही कला शिकविली. अंधाऱ्या खोलीत रोग्यास उताणे निजवावे; सहायकाने त्याच्या डोक्याशी बसून त्याच्यावर ओणवे व्हावे; बोटे किंचित वाकवून, अंगास स्पर्श न करता, चेहऱ्यापासून पोटापर्यंत हात सावकाश फिरवावेत; मधून मधून त्याच्या मस्तकावर व डोळ्यांवर मंद फुंकर घालावी. हे तासन् तास आणि गरज पडल्यास दिवसेंदिवस चाले. रोगी दगडासारखा निजला म्हणजे एस्डेल सुरी घेऊन येत. पुष्कळदा रोग्यास शस्त्रक्रिया होणार हे आधी सांगितलेलेही नसे. जागा झाल्यावर आपले ओझे नाहीसे झालेले पाहून तो चकित होई.

ही फुंकर आपल्या परिचयाची आहे. मूल धडपडले, गुडघा खरचटला, म्हणजे आई फुंकर घालते आणि रडे थांबते. गावचा जाणता कडुलिंबाच्या डहाळीने विंचू उतरवितो, कावीळ उतरवितो, अंगारा लावतो. एस्डेलनाही हे साम्य दिसले होते. हुगळीत एक नामांकित जादूगार आला असता त्यांनी त्यास बोलावून त्याची ‘झाडफूक’ प्रत्यक्ष पाहिली. पाने असलेली डहाळी अंगावरून फिरविणे, हात फिरविणे, फुंकणे, हे सारे पाहून त्यांची खात्री झाली, की आपण करतो तेच हा मनुष्य करीत आहे, फक्त मंत्रांचा पसारा तेवढा अधिक आहे. त्यांचे हे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून त्यांनी काढलेले अनुमान मात्र उलटे होते. झाडफुकीतही चुंबकद्रव आहे, असे त्यांनी मानले. आपल्या चुंबकद्रवातही झाडफूक असू शकेल, अशी शंका त्यांस आली नाही.

त्याच वर्षी हुगळीच्या न्यायालयात एक खटला चालला. आपणास मंत्राने भारून पळविले असे एका मुलाचे म्हणणे होते, आणि आरोपी एक न्हावी होता. असे भारणे शक्य आहे काय, हे सांगण्यासाठी एस्डेलना साक्षीस बोलावण्यात आले. त्यांनी भर न्यायालयात माणसे भारून दाखविली. पाठीमागून हात फिरवून त्यांस निजविले आणि ती माणसे झोपेतच पिंजऱ्यातून बाहेर चालत गेली. एस्डेलना हा आपल्या विद्येचा विजय वाटला असावा. आज ती हकीकत वाचताना आमच्या अंगावर काटा येतो. दरबारी साहेब, लाल पागोट्यांचे शिपाई, समोर पिंजऱ्यात उभा केलेला गरीब माणूस: साहेबाने ‘नीज’ म्हटल्यावर निजण्यावाचून त्यास दुसरा मार्ग तरी कोणता होता? माधव कावरा तर कैदी होता. त्याच्या ‘नाही’ या शब्दास किती किंमत होती, याचा विचार वाचकांनीच करावा. बंगाली माणसाच्या दुबळ्या मज्जासंस्थेमुळे त्यास ही निद्रा लवकर लागते, असे एस्डेलचे मत होते. सत्ता, भीती, आशा आणि वैद्यावरची श्रद्धा यांचाही मज्जासंस्थेशी काही संबंध असेल, हे त्यांच्या गणितात आले नाही.

सरकारने त्यांच्या अहवालाची दखल घेतली. १८४६ साली बंगालचे उपगव्हर्नर सर हर्बर्ट मॅडॉक यांनी समिती नेमली. भांगेच्या औषधी गुणांची पद्धतशीर तपासणी करणारे आणि पुढे हिंदुस्थानात तारायंत्र आणणारे डॉ. ओशॉनसी हे तीत होते. कलकत्त्यात समितीसमोर दहा रोगी घेण्यात आले. त्यांपैकी तिघांवर प्रयोग साधला नाही व सात जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. समितीने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. काही रोगी खरोखर प्रेतवत् निश्चल होते. इतर काहींचे हात थरथरत होते, चेहरे वेडेवाकडे होत होते, जणू दाबून धरलेली यातनाच तेथे उमटत होती. पण जागे झाल्यावर त्यांनीही आपणास काही दुखले नाही असेच सांगितले.

या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. जी वेदना चेहऱ्यावर दिसली पण स्मरणात राहिली नाही, ती झाली असे म्हणावे की नाही? संशयखोर म्हणाले, हे रोगी साहेबाची मर्जी राखण्यासाठी खोटे बोलतात. परंतु मर्जी राखण्यासाठी माणूस गोड बोलेल. ऐंशी पौंडांची गाठ कापली जात असता स्वस्थ पडून राहील काय? आम्हांस असे वाटते, की हे लोक खोटे बोलत नव्हते. वेदना म्हणजे केवळ जखमेतून मेंदूकडे जाणारी वर्दी नसून तिच्यात लक्ष, भय, अपेक्षा व स्मृती यांचाही वाटा असतो, हे आता मान्य झाले आहे. हुगळीच्या अंधाऱ्या खोलीत तो वाटा काढून घेतला जात होता. द्रव मात्र तेथे वाहत नव्हता.

समितीचा अहवाल १८४६ च्या ऑक्टोबरात सादर झाला. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या १६ तारखेस अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून एका रोग्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया करविली. ‘अ‍ॅनेस्थेशिया’ हे नाव त्यानंतर सुचविले गेले. डिसेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी ईथर देऊन पाय कापला. अमेरिकनांच्या या युक्तीने मेस्मेरिझमला चीत केले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढले म्हणतात. वर्षभरात क्लोरोफॉर्मही आला.

इकडे सरकारने कलकत्त्यात एस्डेलना एका वर्षापुरते छोटे ‘मेस्मेरिक’ रुग्णालय काढून दिले. वर्ष संपल्यावर सरकारी मदत थांबली, तेव्हा शहरातील एतद्देशीय नागरिकांनी अर्ज केले, वर्गणी जमविली आणि ते पुन्हा चालू करविले. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ज्यांनी वर्गणी दिली त्यांस मेस्मेरचा द्रव ठाऊक नव्हता. आपला शेजारी सुरीखाली किंचाळला नाही, एवढे त्यांस ठाऊक होते. १८५१ साली एस्डेल मायदेशी परतले. त्यांच्यामागे हे काम विस्कळीत झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी दूरदृष्टी व अतींद्रिय ज्ञान यांवर पुस्तक लिहिले, आणि १८५९ साली त्यांचा अंत झाला.

ईथरचा विजय न्याय्यच होता. ईथर श्रद्धाळूस लागू पडे तसे अश्रद्धासही. गोऱ्यास तसे काळ्यास. आणि तेही दहा दिवसांत नव्हे तर काही मिनिटांत. दहातील तीन रोगी त्याने वगळले नाहीत. या बाबतीत शोक करावा असे काही नाही. शोक करावयाचा तो दुसऱ्या गोष्टीचा. एस्डेलनी जर फ्रँकलिनच्या बागेतील प्रश्न स्वतःस विचारला असता तर? एका आंधळ्या रोग्यास आपण काही अंतरावरून नुसते टक लावून पाहून निजविले, म्हणून हा कल्पनेचा खेळ नव्हे, असे ते सांगत. पण त्या आंधळ्यास पूर्वी कितीदा निजविले होते? त्याच्याकडे कोणी पाहत नसताना तो तसाच निजला असता काय? एका रोग्यावर हात फिरवावेत, दुसऱ्यास नुसते धीराचे शब्द सांगावेत, आणि फरक पडतो का ते पाहावे, एवढा साधा प्रयोग त्यांनी केला असता, तर वेदनेवर मनाचा अंमल चालतो हे सत्य हुगळीत हाती लागले असते. ते मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड यांनी अंशतः ओळखले. त्यांनी द्रवाची कल्पना टाकून दिली आणि १८४३ साली या निद्रेस ‘हिप्नॉटिझम’ हे नवे नाव दिले. आपण त्यास संमोहन म्हणतो. ब्रिटिश वैद्यक संघाने १८५५ नव्हे, तर १९५५ साली वेदनाशमनासाठी संमोहनाची उपयुक्तता मान्य केली. मधली शंभर वर्षे एका खोट्या उपपत्तीच्या ओझ्याखाली एक खरे निरीक्षण पडून होते.

आम्हांस यातून दोन बोध घ्यावेसे वाटतात. उपाय लागू पडला म्हणून त्याचे सांगितलेले कारण खरे ठरत नाही, हा पहिला. आज चुंबकाच्या कड्या, ‘ऊर्जा’ भरलेले पाणी आणि नाना प्रकारच्या ‘लहरी’ विकणारे लोक मेस्मेरचीच परिभाषा नव्या वेष्टनात विकीत आहेत. गुण आला असे शपथेवर सांगणारे रोगी त्यांच्याकडेही असतात. त्यांस एकच प्रश्न विचारावा: डोळे बांधल्यावर जर्दाळूचे खरे झाड ओळखता येते काय? दुसरा बोध याच्या उलट, आणि तो आम्हां सुशिक्षितांनी अधिक ध्यानात ठेवावा असा आहे. कारण खोटे ठरले म्हणून ज्याचे दुखणे थांबले तो माणूस खोटा ठरत नाही. त्यास हसून वाटेस लावणे हे शास्त्र नव्हे. त्याचे दुखणे कशाने थांबले, हे शोधणे शास्त्र होय.

माधव कावऱ्याची नाडी, त्याच्या पापण्या, त्याची झोप, यांविषयी एस्डेलनी बारकाईने लिहून ठेविले आहे. पायांत बेड्या असलेल्या त्या माणसास त्या एप्रिलच्या दुपारी काही घटका वेदनेचा विसर पडला, एवढे निश्चित. त्यास भूल दिली गेली, की भूल घातली गेली, की साऱ्यांचीच भूल झाली, याचा निवाडा करावयास तिन्ही अर्थ सामावून घेणारा हा एकच मराठी शब्द आम्हांस पुरेसा वाटतो.